पंगतीआधीचा वाटा

आमच्या घरी फ्रीज आला तेव्हा सगळ्यांत जास्त नाराज आई झाली होती. आता तुम्ही सगळे आळशी होणार, असं तिने जाहीर करून टाकलं. काहीही आत कोंबायचं, दार लावायचं आणि विसरून जायचं. तिच्या लेखी फ्रीज म्हणजे नासलेलं अन्न लपवायची जागा. भाऊ हसला, मीही हसले. आता वाटतं, तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

बोरी अरबला आमच्या मोहल्ल्यात साक्षगंध असो, बारसं असो, की कुणाच्या पोराला नोकरी लागल्याचं जेवण, पंगती उठल्या की आईला बोलावणं यायचं. स्वयंपाकाला तिला कुणी बोलवत नसे, कारण तिच्या हाताला मिठाचा अंदाज नव्हता, आणि हे तीही मान्य करायची. तिला बोलवायचे ते उरलेलं नीट लावून ठेवायला. ती पदर खोचायची आणि आधी सगळ्या गंजांवरची झाकणं काढायला लावायची. गरम अन्नावर झाकण घातलं की ते घामेजतं, आणि घामेजलेलं अन्न दुसरी सकाळ पाहत नाही. भात परातीत पसरून गार करायचा. वरणाला खदखदून उकळी आणायची आणि त्यानंतर त्यात कुणी पळी घालायची नाही. आलू-वांग्याची भाजी आधी संपवायची, कारण उन्हाळ्यात आलूचा भरवसा नाही. कढी तर ठेवायचीच नाही.

आणि गंजातलं व बादलीतलं कधीही एक करायचं नाही. गंजातलं म्हणजे चुलीजवळून न हललेलं. बादलीतलं म्हणजे वाढणाऱ्यांच्या हातून सगळ्या पंगतीत फिरून आलेलं, ज्यात वारा, धूळ आणि कुणाकुणाच्या बोटांचा स्पर्श असतो. गंजातलं नीट ठेवलं तर दुसऱ्या दिवशी चालतं. बादलीतलं त्याच दुपारी घरच्यांनी खाऊन टाकायचं, नाही तर गुरांना घालायचं. हे ती इतक्या वेळा सांगायची की मोहल्ल्यातल्या सुना तिची नक्कल करायच्या, आणि ती समोर असतानाही करायच्या.

घरच्यांनी खायचं, यावर तिचा फार जोर असे. आमच्या घरातून उरलेलं अन्न कुणालाच दिलं जात नसे. शेजाऱ्यांना नाही, निंदणाला येणाऱ्या बायांना नाही, दारात मागायला आलेल्या माणसालाही नाही. त्याच्यासाठी ती ताजी भाकर थापायला बसायची. लहानपणी मला हा निव्वळ चिक्कूपणा वाटायचा. शाळेतल्या मैत्रिणी घरच्या लग्नानंतर डबे भरभरून बुंदी वाटत, आणि आम्ही मात्र आठवडाभर तीच ती बुंदी चावत बसायचो.

मोठी झाल्यावर कारण कळलं. धम्म घेण्याच्या आधी गावातल्या मोठ्या घरच्या लग्नांचं आमच्या माणसांना बोलावणं नसे, फक्त मंडपामागे भांडं घेऊन बसायची मुभा असे. पंगत उठली की पत्रावळींवरचं गोळा करून त्यांच्या भांड्यात टाकलं जाई. वरण, भात, भाजी, गोड, सगळं एकात एक. धम्म घेतला आणि मोहल्ल्याने ठरवलं, की हे अन्न पुन्हा घ्यायचं नाही. आमच्या आजीने त्यात आपल्या घरापुरती भर घातली. घ्यायचं नाही, तर द्यायचंही नाही. कुणाला द्यायचंच असेल तर पहिली पंगत बसायच्या आधी त्याचं काढून ठेवायचं. तो त्याचा वाटा. पंगत बसल्यावर राहील ते उरलेलं, आणि उरलेलं आपलं आपण खायचं. आजीकडून हा नियम आईकडे आला आणि आईने तो सरकारी कायद्यापेक्षा जास्त पाळला.

आईची एक मैत्रीण होती. मोहल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याकडे कंपनीत. आम्ही तिला मावशी म्हणायचो. दोघी नव्या सुना असताना एकाच शेतात शेजारशेजारच्या ओळीत कापूस वेचायच्या, तिथे जी जोडी जमली ती पुढे कधी तुटली नाही. दोघी दिवसभर एकमेकींना टोचून बोलायच्या. अनोळखी माणसाला वाटावं, यांचं जुनं भांडण असेल.

मावशी लहान असताना स्वतःच्या आईचा पदर धरून मंडपामागे बसलेली होती. त्याबद्दल ती बोलत नसे. एकदाच, आमच्या ओसरीत तुरीच्या शेंगा सोलताना, सहज बोलल्यासारखं बोलली. भांड्यात आलेल्या वरणात बुंदी बुडालेली असायची, तिची आई ती वेचून पाण्याने धुवायची आणि तिला खायला द्यायची. धुतल्यावर गोडी थोडीच राहते, असं म्हणून ती हसली. आई हसली नाही. त्यानंतर आमच्याकडे काहीही असलं की आई पहिला वाटा मावशीचा काढायची. बुंदी वेगळ्या वाटीत, भाजी वेगळी, पुऱ्या फडक्यात बांधलेल्या. वाटी स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि डब्याभोवती कापडाची गाठ. मावशीही डबा कधी रिकामा पाठवत नसे. कधी मूठभर शेंगदाणे, कधी चार लिंबं, काही नसलं तर चिमूटभर साखर. थंडी पडली की त्याच डब्यातून जवसाची चटणी यायची. आमच्याकडे सगळ्यांना डोळ्यांतून पाणी काढणारी चटणी लागते, पण आईला तिखट सोसायचं नाही. म्हणून मावशी दोन घाणे करायची, एक जगासाठी आणि एक आईसाठी, आणि आईची देताना म्हणायची, की ही लेकराची.

भाच्याचा पहिला वाढदिवस चैत्रातल्या उन्हात आला. सकाळी वंदना, मग केक, मग दुपारचं जेवण. मी यवतमाळहून आदल्या दिवशीच पोचले होते. मावशीला ताप होता, येणं जमणार नव्हतं. आईने तिला निरोप पाठवला, की तुझा वाटा आधीच काढून ठेवते, ताप उतरला की खा. पहिली पंगत बसायच्या आधी मी स्वतः आईला डबा भरताना पाहिलं. वाटीत बुंदी, तिच्यावर छोटी ताटली, बाजूला भाजी, पुऱ्या फडक्यात. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून तिने नाइलाजाने तो डबा फ्रीजमध्ये ठेवला. तिच्या दृष्टीने ही फ्रीजवर केलेली मेहेरबानी होती.

लोक कमी आले आणि अन्न फार उरलं. आईचे गुडघे त्या दिवशी बोलत होते. आम्ही तिला जबरदस्तीने आत पडायला लावलं, आणि उरलेलं लावायचं काम वहिनीने हाती घेतलं. वहिनी अमरावतीची. मनाने चांगली, कामाला वाघीण, आणि पसारा तिला पाहवत नाही. फ्रीज लहान. त्यात जागा करायला तिने निम्मे भरलेले डबे एकात एक केले. आईचा गाठीचा डबाही तिने सोडला. त्यातली वाटी बाहेर काढली, बुंदी डब्यातच ओतली, वर बादलीतली भाजी घातली, तिच्यावर थोडा भात आणि मोडक्या पुऱ्या दाबून बसवल्या, आणि झाकण लावून गाठ पुन्हा घट्ट बांधली. काही वाया जाऊ नये एवढंच तिच्या मनात होतं. तिच्या माहेरी फ्रीज असाच लावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मोटरसायकलवर निघाला तेव्हा आईने तो डबा त्याच्या हाती दिला. जगाच्या अन्नाला नाक लावणाऱ्या माझ्या आईने तो उघडून पाहिला नाही. स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाठीचा कुणी वास घेतो का?

संध्याकाळी डबा परत आला. राखेने घासलेला, चकचकीत. आईने झाकण काढलं आणि आत पाहत राहिली. मी विचारलं काय झालं, तर तिने डबा माझ्यापुढे धरला. आत काहीच नव्हतं. साखरेचा एक दाणासुद्धा नव्हता.

मग तिने वहिनीला हाक मारून, अगदी साध्या आवाजात, काल डब्याचं काय केलं ते विचारलं. वहिनीने सांगितलं, आणि जागा कशी काढली हेही जरा अभिमानाने सांगितलं. आई म्हणाली, असू दे. वहिनी आत गेल्यावर मात्र ती भिंतीला टेकली. मावशीने झाकण उघडलं असेल तेव्हा तिला काय दिसलं असेल, ते आम्हा दोघींनाही डोळ्यांपुढे दिसत होतं. भाजीच्या रश्श्यात बुडालेली बुंदी.

आई तशीच उठली, मीही तिच्या मागे निघाले. मावशी दारापुढे खाटेवर बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं, चहा टाकला, भाच्याचं विचारलं. जेवण चांगलं होतं म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणं अजिबात नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. आईने चहाला हात लावला नाही.

"थो तुहा वाटा नव्हता," आई म्हणाली. "चूक झाली."

"कोनाची?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझ्या मनगटाला धरलं.

"माही," ती म्हणाली.

मावशी म्हणाली, झालं तर मग, आणि तापाच्या गोळ्या किती कडू आहेत ते सांगायला लागली.

परतताना मी आईशी भांडले. खरं का सांगितलं नाहीस? दोन शब्दांचं काम होतं. आईचं म्हणणं पडलं, की सुनेचं नाव दुसऱ्याच्या दारात घ्यायचं नसतं, आज मैत्रिणीपुढे घेतलं की उद्या मोहल्ल्याच्या तोंडी होतं. हे मला पटलं. पण थोडं पुढे गेल्यावर ती थांबली आणि खरं काय ते बोलली.

"जनमभर पाह्यलं तिनं मले. मी तिले उरलेलं धाडीन, असं वाटलंच कसं तिले?"

म्हणजे तिलाही लागलं होतं. एकीला अन्नाने आणि दुसरीला संशयाने. आणि दोघी पक्क्या वऱ्हाडी, मोडतील पण वाकणार नाहीत. मला दोघींचा इतका राग आला होता की मी त्या रात्रीचं जेवण टाळलं, आणि आईने ते ताट झाकून न ठेवता मुद्दाम उघडं ठेवलं, गार व्हायला.

पुढचे महिने मी येऊन-जाऊन पाहत होते. पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, विहारात ग्रंथ वाचायला दोघी रोज जात. पूर्वी एका सतरंजीवर बसायच्या, आता एक दाराशी आणि एक खिडकीशी. भेटल्या तर एकमेकींना जयभीम करायच्या, तब्येतीचं विचारायच्या. पाहुण्यांसारखं. मी आईला म्हटलं, पुन्हा एकदा जा. ती म्हणाली, शिळ्या कढीला ऊत कशाला आणायचा. पण ओसरीत बसली की तिची नजर रस्त्याच्या त्या टोकाला जायची, हे मी कितीदा पाहिलं. वहिनीला तोवर सगळं कळलं होतं. ती रडली, मावशीकडे जायला निघाली, तर आईने तिला आपली शपथ घातली. मोठ्यांच्या मधात पडायचं नाही म्हणाली.

कापूस फुटला तेव्हा आईला झटका आला. अर्धं अंग गेलं आणि वाचाही. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. मी तिच्या उशाशी बसून होते. ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करायची आणि मी एकेक नाव घेऊन विचारायची. भावाचं, भाच्याचं, माझं. मावशीचं विचारलं तेव्हा तिने डोळे मिटले. त्याचा अर्थ मी आजही लावू शकत नाही. चांगल्या हाताची बोटं चादरीवर सारखी चालत होती, गाठ बांधत असावीत तशी. घरी आणायचं ठरत होतं, तोच ती गेली.

अंत्ययात्रेला मावशी आली. गर्दीच्या मागे उभी राहिली, फूल वाहिलं, कुणाशी न बोलता निघून गेली. मला तिचा तिटकारा आला होता. एवढी काय ती गाठ, की माणूस गेलं तरी सुटू नये.

आईच्या नावाने पुण्यानुमोदनाचं जेवण घरापुढच्या मांडवात होतं. त्या दिवशी वहिनीने पहिली पंगत बसायच्या आधी मावशीचा वाटा काढला. बुंदी वाटीत, वर ताटली, भाजी वेगळी, पुऱ्या फडक्यात, गाठ. एकही गोष्ट चुकली नाही. डबा तिने फ्रीजमध्ये ठेवला नाही, आईच्या फोटोजवळ ठेवला. पंगतीवर पंगती उठल्या, मावशीचा पत्ता नव्हता. भंते गेले, पाहुणे पांगले. आम्ही झाकणं काढून गंज मोकळे केले, भात परातीत पसरला, जसं आईने शिकवलं होतं. दुपार कलली तेव्हा मावशी आली. काठी टेकत, मांडवाच्या मागच्या बाजूने.

वहिनी धावत डबा घेऊन गेली. मावशीने डबा पाहिला, गाठीला हात लावला आणि तो बाजूला ठेवला. मग रिकाम्या मांडवाकडे बोट दाखवून म्हणाली,

"हे राहू दे. थ्या बादलीतलं दे मले. उरलेलं."

आमच्या घरातून उरलेलं कुणालाच दिलं जात नाही, आणि हिला तर मुळीच नाही. मी म्हटलं, मावशी, हा तुझा वाटा आहे, आधीच काढलेला. ती मान हलवत राहिली. वहिनीला रडू फुटलं. त्या दिवशीची चूक माझी होती, आईंची नव्हती, असं ती एका दमात बोलून गेली.

"मले मालूम हाय," मावशी म्हणाली. "तुह्या सासूनं बांधलेला डबा मी वळखत नाही काय? दुसऱ्याच दिवशी समजलं."

"मग काहून नाही आलीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

मावशी खाली पाहत होती. "थे एक डाव आलती. म्हनलं, अजून एक डाव येईन."

माझा सगळा राग तिथेच गळून गेला. त्या टोकाला ही आणि या टोकाला ती, दोघी रस्त्याकडे पाहत बसल्या होत्या.

मी बादली आणली. मावशी जमिनीवर बसली. ताटात भात वाढला, त्यावर वरण, भाजी, आणि बुंदीकडे तिने स्वतःच बोट केलं. बुंदी मी बाजूला वाढली, तर तिने हाताने ती वरणभातात कालवली. सगळं एकात एक. आणि सावकाश, एकेक घास, सगळं ताट संपवलं. मध्येच म्हणाली, "हिच्या घरचं उरलेलंबी मले चालते. हे तिले सांगाचं राह्यलं." मग पाणी प्यायली, वहिनीने भरलेला डबा पदराखाली घेतला आणि काठी टेकत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. मावशीनेच आणला, पण आत आली नाही. दारातच माझ्या हाती देऊन वळली. डबा जड होता. वहिनीने झाकण काढलं, तर आत जवसाची चटणी होती, काठोकाठ. या चटणीला फ्रीज लागत नाही, थंडी सरेपर्यंत ती चांगली राहते. आमच्या घरी आता सगळेच झणझणीत खाणारे उरले होते. वहिनीने चिमूटभर जिभेवर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

मीही चाखली. तिखट अगदी कमी होतं.